मुद्देमालातली डाळ

मुद्देमाल खोलीच्या खालच्या फळीवर या खटल्याच्या एकूण चार वस्तू होत्या. एक ज्यूटचं पोतं. तोंड सुतळीनं शिवलेलं, शिवणीवर लाखेची तीन सीलं, आत तूरडाळ, चिठ्ठीवर वजन सत्तावीस किलो. एक परखी, म्हणजे पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची टोकदार, पोकळ लोखंडी नळी. हातभर लांब, टोकापासून मुठीपर्यंत सारखी गंजलेली. एक निळा प्लास्टिकचा डबा, झाकण नसलेला. आणि एक पांढरी दस्ती, हमाल खांद्यावर टाकतात तसली, तिला हळदीचा डाग.

प्रियदर्शनीनं चारही वस्तू मोजल्या आणि मग पुन्हा मोजल्या.

"चार वस्तू दोनदा मोजता, मॅडम?" मुद्देमाल कारकून पंढरी किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत दारात उभा होता.

"पहिल्यांदा मोजते ती माहिती. दुसऱ्यांदा मोजते ती खात्री."

"मग आमच्या हितं नुसती माहितीच हाय म्हणा," पंढरी म्हणाला. "खात्री अजून कुणी मागितली न्हाई."

प्रियदर्शनी मूळची उमरीची. नांदेडला रसायनशास्त्रात पदवी घेतली, मग वकिलीकडं वळली आणि आता लातूरला मोफत विधी सहाय्याच्या वकिलांत सगळ्यांत धाकटी होती. भाड्याच्या दोन खोल्यांत आई भामाबाईंसोबत राहायची. स्वयंपाकघरात तिनं पाच किलोपर्यंत मोजणारा छोटा काटा ठेवला होता आणि बाजारातून आणलेले कांदे ती त्यावर घालून बघायची. भाजीवाल्या बायका त्यामुळं तिला जरा जपूनच माल द्यायच्या. भामाबाईंच्या मते अशा सुनेला कुठलीच सासू टिकणार नव्हती.

एकटीनं चालवायचं हे तिचं पहिलंच अपील, आणि पक्षकार होता मलप्पा.

मलप्पा निलंग्याकडचा. पन्नाशी ओलांडलेला, ठेंगणा, मान खांद्यात बसलेली, कारण वयाच्या सोळाव्या वर्षापासून मानेवर पोती होती. लातूरच्या आडत बाजारात त्यानं आयुष्य काढलं. वीरण्णा शेटच्या डाळमिलमध्ये तो रोजंदारीवर जायचा. तिथंच एका दुपारी त्यानं सत्तावीस पोत्यांतून परखीनं एकेक किलो डाळ काढली आणि ती अठ्ठाविसाव्या, रिकाम्या पोत्यात भरली. कुठल्याच पोत्याकडं बघून काही कळत नव्हतं. इथपर्यंत काम नामी झालं होतं. मग त्यानं ते पोतं खांद्यावर घेतलं, फाटकाकडं निघाला, आणि वाटेत हैदराबादला जाणारा ट्रक भरत होते. तीस-पस्तीस वर्षांची सवय. खांद्यावर पोतं आणि समोर ट्रक, म्हटल्यावर मलप्पाच्या पायांनी मालकाला विचारलं नाही. पोतं थप्पीवर चढलं. चार पावलं गेल्यावर त्याला आठवलं की हे आपलं होतं. तो परत वर चढून पोतं उतरवायला लागला तेव्हा मुनीम ओरडला, कारण त्या मिलमध्ये ट्रक भरताना पोतं खाली उतरवणारा माणूस कुणी कधी बघितला नव्हता.

नव्या कायद्यात चोरीच्या कलमाला दोन टोकं आहेत. माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल, माल पाच हजारांच्या आतला असेल आणि मालकाला परत मिळाला असेल, तर जेल नाही, समाजसेवा. पण दुसऱ्यांदा दोषी ठरला, तर कमीत कमी एक वर्ष सक्तमजुरी, पुढं पाचापर्यंत. पोलिसांनी मलप्पाच्या नावापुढं नायगावच्या कोर्टातली एक जुनी चोरी लावली होती. खालच्या कोर्टानं विचारलं, "तो मलप्पा तूच का?" मलप्पा म्हणाला, "हाव साहेब, मीच." कोर्टानं तीन वर्षं सक्तमजुरी दिली. अपील दाखल झालं, जामीन झाला, आणि आता सगळं त्या एका 'हाव'वर अडलं होतं.

मलप्पाची बायको केवळाबाई ट्यूशनच्या गल्लीत पोरांसाठी मेस चालवायची. ती एकदाच नवऱ्याला मागं घेऊन ऑफिसात आली आणि उभ्यानंच बोलली.

"वकीलबाई, सोडवायचं तर पुरतं सोडवा. न्हाई तर लांब पाठवा. मधलं काई नको."

"मधलं म्हणजे?"

"म्हणजे वरीसभरानं परत येऊन माझ्या ओट्यापाशी बसायचं आन् पोरांनी इचारायचं, काकू, काका कुठं गेलते. मी सांगून ठेवलंय ह्यास्नी. ह्या बारीला आत गेलात तर कडी आतून लागंल."

"ती लावती," मलप्पा मागून म्हणाला. "तिच्या जबानीला जामीन नसतोय."

सध्या तो मेसचे डबे पोचवायचा. सकाळी ट्यूशनवाल्या पोरांचे, दुपारी कोर्टातल्या कारकुनांचे. खांद्यावर पूर्वी पोतं असायचं तिथं आता चार-चार पुडांचे डबे भरलेली मोठी पिशवी आली होती. पंढरीचाही डबा त्यातच असायचा, आणि पंढरी त्याला 'आरोपी' न म्हणता 'आपला मलप्पा' म्हणायचा.

नायगावची फाईल बघितल्याशिवाय पुढं सरकणं शक्य नव्हतं. प्रियदर्शनी निघाली तर एस.टी. स्टँडवर मलप्पा आधीच हजर.

"तुम्ही कशाला, मामा? नक्कल तर काढायची आहे."

"माझी फाईल हाय, ताई. म्या कधी बघितली न्हाई. लोकं आपली जन्मपत्रिका बघत्यात, मी ही बघतो."

नांदेडपर्यंत खिडकी त्यानंच धरली. अहमदपूर मागं पडलं तशी त्याची जीभ सुटली.

"चोरी म्हणून नका ताई तुमी. हलकं करणं म्हणा."

"कोर्टात असलं काही बोलायचं नाही."

"कोर्टात बोलून न्हाई ऱ्हायलो. तुमाला शिकवून ऱ्हायलो." त्यानं पुढच्या सीटच्या पाठीवर बोट खुपसून दाखवलं. "पोतं फाडलं की बोंब होती. परखीचं तसं न्हाई. नळी तिरकी घालायची, खालून वर. डाळ आपून चालत येती. काढली की अंगठ्यानं हितं असं चोळायचं, उलटं-सुलटं. बास. ज्यूट लई गुणाचं असतंय. जखम बुजवून घेतंय."

"भोक राहतच नाही?"

"शोधून दाखवा. शेट लोकं नमुना काढत्यात त्येबी तसंच. शेटनं काढला की नमुना, हमालानं काढला की कलम."

प्रियदर्शनीला हे ऐकायचं नव्हतं, पण विणीतले धागे सरकून पुन्हा जागेवर येतात ही गोष्ट तिला पटली, आणि पटलेल्या गोष्टीबद्दल तिला पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय राहवेना. "आणि वजन?"

"वजनच तेवढं बेइमान," मलप्पा खिन्नपणे म्हणाला. "त्येला चोळता येत न्हाई."

नायगावला फाईल निघाली. पातळ होती, कोपऱ्यात वाळवीनं चाखलेली. आडतीवरून अर्धं पोतं सोयाबीन नेल्याचा गुन्हा, आरोपीची कबुली, आणि शेवटच्या पानावर आदेश. प्रियदर्शनीनं तो वाचला. मग पुन्हा वाचला.

"मामा, इथं तुम्हाला किती शिक्षा झाली होती?"

"लई झाली."

"किती?"

"दुपारच्या सुट्टीपस्तोर." मलप्पाचा चेहरा पडला. "साहेबानं उभं केलं आन् जे सुरू केलं. माझा बाप काढला, आजा काढला. म्हणले, तुझ्या आज्यानं निजामाच्या काळात बी भूक काढली आसंल, पर कुणाच्या पोत्याला हात लावला नसंल. कोर्टभर माणसं. केवळाबाई पहिल्या बाकड्यावर. ताई, मी आजवर तीनशे पोत्यांची गाडी एकट्यानं खाली केलीय, पर तसा घाम आला न्हाई."

"आणि मग?"

"मग जा म्हणले घरी."

आदेशात तेवढंच होतं. आरोपीचं वय, परिस्थिती आणि पहिलाच गुन्हा बघून त्याला परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन सोडण्यात येतं. तुरुंग नाही, दंडही नाही. आणि अशा समज देऊन सोडलेल्या माणसाला त्या गुन्ह्याचा डाग पुढं लावायचा नसतो, असं त्याच कायद्यात आहे. पोलिसांच्या यादीत फक्त 'दोषी' एवढंच आलं होतं.

"मग लातूरच्या कोर्टात हाव का म्हणालात? शिक्षा झाली नव्हती, समज दिली होती, एवढं सांगायचं."

मलप्पा तिच्याकडं बघत राहिला. "वा. एवढं सोसल्यावर झालीच न्हाई म्हणू? इमान काई हाय का न्हाई?" त्यानं फाईलकडं मान वळवली. "एवढंच लिव्हलंय का त्येनी? एक ओळ? माझ्या बापाचं काईच न्हाई?"

परतीच्या बसमध्ये त्यानं खिडकीही मागितली नाही.

प्रियदर्शनीचं काम आता सोपं झालं होतं. पहिला गुन्हा मोजायचा नाही, तर मलप्पा कायद्याच्या नजरेत पहिलटकर. माल पाच हजारांच्या आतला. राहिली तिसरी अट, माल मालकाला परत मिळणं. पोतं जप्त झालं त्या दिवसापासून कोर्टात पडून होतं. वीरण्णा शेट ते न्यायला आलाच नव्हता. सत्तावीस किलोंसाठी चकरा मारणं त्याला परवडत नव्हतं. सुनावणीच्या दिवशी ते त्याच्या हवाली केलं की झालं.

डाळीची अवस्था बघावी म्हणून ती पुन्हा मुद्देमाल खोलीकडं गेली. खोली तिथं नव्हती. म्हणजे भिंती होत्या, पण फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. सगळा मुद्देमाल आवारातल्या नव्या इमारतीत हलवत होते. आणि व्हरांड्यातून मलप्पा चालला होता. एका खांद्यावर डब्यांची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर लाखेची तीन सीलं असलेलं पोतं.

"पंढरीभाऊ, हे काय चाललंय?"

"मॅडम, दोन्ही शिपाई रजेवर. भाईरून हमाल आणला तर बिल कोण पास करणार? हा डबे घेऊन आलाच हुता. म्हणलं, मलप्पा, खांदा लाव."

"पण तो त्यांचाच मुद्देमाल आहे."

"मग जपून नेईल की," पंढरी म्हणाला. "दुसऱ्याचा असता तर मला बी भ्याव वाटलं असतं. मी चहा पिऊन आलो तवर निम्मी खोली हलवली गड्यानं. सरकारी माणसाला चार दिवस लागले असते."

प्रियदर्शनीनं पोतं खाली ठेवायला लावलं आणि वाकून सीलं तपासली. तिन्ही शाबूत. सुतळीची गाठ तीच. पोत्याच्या चारी बाजूंनी ती फिरली. कुठं फाटलेलं नाही, उसवलेलं नाही.

"बघा, ताई," मलप्पा म्हणाला. "लेकरावानी आणलंय."

सुनावणीला गर्दी नव्हती. सरकारी वकील शेषेराव यांना हे प्रकरण फारसं आवडत नव्हतं, पण हरायलाही आवडत नव्हतं. त्यांनी मलप्पाला 'सराईत' म्हटलं, 'समाजाला घातक' म्हटलं, आणि घसा ओला करायला थांबले. प्रियदर्शनीनं नायगावच्या आदेशाची नक्कल पुढं केली. न्यायाधीशांनी ती वाचली, चष्मा काढला.

"मलप्पा, समज दिली होती तर शिक्षा झाली असं का सांगितलंस?"

मलप्पानं प्रियदर्शनीकडं बघितलं. तिनं मान हलवली, म्हणजे थोडक्यात बोला.

"साहेब, ते साहेब लई बोलले हुते."

न्यायाधीशांनी चष्मा परत लावला. "पहिला मुद्दा मला पटतोय. आता माल. मालक आलेत ना? पोतं इथं आणा, वजन करा, त्यांना द्या. माल पुरता परत गेला की पुढचा विचार करता येईल."

पंढरीनं रेशन दुकानातून काटा आणवला होता. पोतं आणलं मलप्पानंच, कारण शिपाई अजून रजेवर होते. सोबत परखी, निळा डबा, दस्ती. प्रियदर्शनीनं सवयीनं मोजलं. चार. परखीकडं तिची नजर जरा रेंगाळली. टोकाकडची चार बोटं चकचकीत होती, बाकी गंज तसाच. लोखंड कशावर तरी घासलं की चकाकतं, हलवताना भिंतीला घासलं असेल, असं तिनं तेव्हा ठरवलं.

पोतं काट्यावर चढलं. पंढरीनं आकडा वाचला आणि काट्याला एक टिचकी मारली.

"किती?" न्यायाधीश.

"बावीस किलो तीनशे पन्नास, साहेब."

"आणि जप्तीच्या वेळी?"

"सत्तावीस."

शेषेराव एकदम ताजेतवाने झाले. "साहेब, म्हणजे माल पुरता परत गेलेला नाही. तिसरी अट कोसळली."

"चार किलो साडेसहाशे ग्रॅम गेले कुठं?" न्यायाधीशांनी पंढरीला विचारलं.

"उंदीर, साहेब."

"सील न फोडता?"

"कोर्टातले उंदीर हैत, साहेब. कायदा जाणत्यात."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वीरण्णा शेट म्हणाला, "राहू द्या साहेब, मला मिळालं समजा." न्यायाधीश म्हणाले, समजता येणार नाही. मलप्पा खाली मान घालून स्वतःच्या पायाचे अंगठे बघत होता. पहिल्या बाकावर केवळाबाई होती, आणि ती त्याच्याकडं बघत होती.

प्रियदर्शनी उठली. "साहेब, माल जप्तीच्या दिवशी पुरता हाती आला, तो त्याच दिवशी मोजला गेला, पंचनाम्यात मालकाची सही आहे. नंतरची घट कोर्टाच्या ताब्यातली आहे. ती अपीलकर्त्याच्या माथी मारता येणार नाही. शिवाय डाळ वाळते. मिलच्या चिठ्ठीप्रमाणे तेव्हा ओलावा बारा टक्के होता. आज किती आहे ते इथंच बघता येईल. मी बाजारातून ओलावा मोजायचं यंत्र आणलंय."

न्यायाधीशांना यंत्राचं कुतूहल वाटलं असावं. "बघा. नमुना कसा काढणार?"

सगळ्यांची नजर परखीवर गेली.

"मी काढू का, साहेब?" मलप्पा म्हणाला.

"तू लांब उभा राहा."

पंढरीनं परखी उचलली. त्यानं ती पोत्यात सरळ खुपसली आणि बाहेर काढली तर नळीत सात दाणे. दुसऱ्यांदा तीन. मलप्पाच्या तोंडून बारीक आवाज निघत होता, दात दुखणाऱ्या माणसासारखा.

"उलटी धरली," तो पुटपुटला. "अगा, उलटी धरली. सपाट बाजू खाली. तिरकी घाल, तिरकी."

तिसऱ्यांदा पंढरीनं स्वतःच्या करंगळीला टोचून घेतलं.

"अरे, त्याला देऊन टाका," न्यायाधीश वैतागून म्हणाले.

मलप्पानं दस्तीनं हात पुसले. परखी घेतली, तिरकी घातली, खालून वर. डाळ आपोआप चालत आली. ओंजळभर नमुना त्यानं यंत्राच्या वाटीत ओतला, मग मागं वळून पोत्यावर अंगठा ठेवला आणि उलटं-सुलटं चोळलं. हे सगळं एका श्वासात झालं. न्यायाधीश खुर्चीतून उठून पोत्यापाशी आले. वाकले. शेषेरावही वाकले.

"भोक कुठंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"बुजलं, साहेब," मलप्पा नम्रपणे म्हणाला. "ज्यूट लई गुणाचं असतंय."

न्यायाधीशांनी पोत्याकडं बघितलं, परखीच्या टोकाकडं बघितलं, मग मलप्पाच्या अंगठ्याकडं बघितलं. प्रियदर्शनीची नजर पुन्हा त्या चकचकीत टोकावर गेली. शेषेराव तोंड उघडून थांबले. पुढचं वाक्य बोलायचं तर कोर्टाच्या कुलुपातल्या मालाबद्दल बोलावं लागणार होतं.

"पंढरी, खोलीची किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडंच, साहेब. जिवापलीकडं जपतो."

"हं." न्यायाधीश जागेवर जाऊन बसले. "वकीलबाई, ओलावा?"

"नऊ पूर्णांक आठ टक्के." तिनं हिशोब मनात केला, मग पुन्हा केला. "त्या मानानं सत्तावीस किलोंतून साधारण साडेसहाशे ग्रॅम वाळून गेले."

"आणि राहिलेले चार किलो? तेही वाळले, असं तुमचं म्हणणं आहे का?"

इथं कुठल्याही दुसऱ्या वकिलानं हो म्हटलं असतं. शेषेरावही हो म्हणायला तयार दिसत होते. पंढरी तर मान डोलावत होता. केवळाबाईनं पदर हातात घट्ट धरला.

"नाही, साहेब," प्रियदर्शनी म्हणाली. "एवढं पाणी त्या डाळीत नव्हतंच. किड्यांनी खाल्ली म्हणावी तर भुगा पडला असता. चार किलो कुठं गेले याचा पुरावा आज माझ्याकडं नाही. पुराव्याशिवाय मी अंदाज सांगणार नाही."

"सरकार पक्षाकडं आहे?"

शेषेरावांनी पंढरीकडं बघितलं, पंढरीनं छताकडं. "नाही, साहेब."

"मग कोर्टाकडंही नाही," न्यायाधीश म्हणाले आणि लघुलेखकाला सांगू लागले. नायगावच्या प्रकरणात समज देऊन सोडल्यामुळं तो दोष या कामी धरता येत नाही. जप्त माल त्याच दिवशी पूर्ण मिळाला होता. नंतरच्या घटीला अपीलकर्ता जबाबदार असल्याचा पुरावा नाही. तीन वर्षं सक्तमजुरीची शिक्षा रद्द. त्याऐवजी तीस दिवस समाजसेवा, रोज चार तास, न्यायालयाच्या आवारात. झाडांना पाणी घालणं, पालापाचोळा उचलणं आणि सांगितली जातील ती इतर कामं.

"साहेब," पंढरी चाचरत म्हणाला, "मुद्देमाल खोलीत पोती लावायला लई गरज..."

"मुद्देमाल खोली वगळून," न्यायाधीश म्हणाले. "हे शब्द ठळक टंकित करा."

मग त्यांनी मलप्पाला पुढं बोलावलं. "माझा बोलायचा स्वभाव नाही. तुला नायगावच्या साहेबांची आठवण आहे ना?"

"हाय, साहेब."

"ती रोज सकाळी एकदा काढत जा."

बाहेर व्हरांड्यात केवळाबाई प्रियदर्शनीच्या हातांना हात लावून म्हणाली, "पुरतं सोडवलंत." मग नवऱ्याकडं वळून, "चला. डबे पडलेत." तिनं स्वतः पिशवी उचलली नाही, त्याच्या खांद्यावर ठेवली. कडी उघडी राहणार होती.

मलप्पा जाता जाता थांबला. "ताई, तुमी कोर्टात चार किलोचं खरं बोललात. मला वाटलं आता गेलो. पर त्येच्यानंच साहेबाला इस्वास आला. इमानाचं मोल असतंय."

"मामा, परखी हलवताना कशाला घासली होती?"

"लोखंड हाय ताई. चार ठिकाणी घासणारच," मलप्पा म्हणाला आणि डबे घेऊन झपाझप निघाला.

महिन्याभरात आवारातली कडुलिंबाची रोपं तरारली. तीस दिवस भरले त्या दिवशी प्रियदर्शनी घरी आली तेव्हा भामाबाई ताटात डाळ पसरून निवडायला बसल्या होत्या. शेजारी कापडी पिशवी.

"तुझा तो मामा येऊन गेला. सुटलो म्हणला. वकीलबाईनं फी घेतली न्हाई, म्हणून घरची डाळ घ्या म्हणला."

"मोफत विधी सहाय्याला काही घ्यायचं नसतं, आई. आणि घरची कसली? त्यांना शेत कुठंय?"

"मला काय माहीत. मी नगं म्हणूस्तोर खाली ठिवून गेला बी." भामाबाईंनी चिमूटभर डाळ तोंडात टाकली आणि दाताखाली फोडली. "नवी न्हाई ही. लई दिस कुठंतरी बसलेली हाय. चांगली खडंग वाळलीय, शिजायला येळ घेईल." त्यांनी अजून एक चिमूट घेतली. "पर माल मिलचा हाय. घरच्या जात्यावर अशी डाळ पडत न्हाई."

प्रियदर्शनीनं ताट स्वतःकडं ओढलं.

"आई, निवडू नको. आणि खाऊ नको."

"कामून? इख हाय का त्यात?"

तिनं फळीवरून काटा खाली घेतला, ओट्यावर सपाट जागा बघून ठेवला. मोठं पातेलं त्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला. ताटातली डाळ पातेल्यात ओतली, पिशवी उलटी करून शिवणीत अडकलेले दाणे झटकले, आणि ताटाला चिकटलेले दोन दाणे बोटानं उचलून आत टाकले. आकडा थोडा हलला आणि स्थिर झाला. तिनं सगळं उतरवून पुन्हा एकदा मोजलं.

तीन किलो नऊशे नव्वद ग्रॅम.